दारू त्यांनी सोडली, मग गटात मी कशाला जाऊ?

"ताई, सप्रेम नमस्कार. मी ४६ वर्षांची असून तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला २१ वर्षे झाली आणि त्यातली १८ वर्षे यजमानांच्या दारूत गेली. नऊ महिन्यांपूर्वी ते व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, तेव्हापासून त्यांनी थेंबही घेतलेला नाही. दर मंगळवारी संध्याकाळी ते त्यांच्या मीटिंगला जातात. पगार घरी येतो, घरात शांतता आहे. तरीही मी रात्री दोन वाजता उठते, त्यांच्या तोंडाशी वाकून वास घेते आणि मग सकाळपर्यंत जागी राहते. केंद्रातल्या समुपदेशक बाईंच्या आग्रहामुळे मागच्या महिन्यात मी जिल्ह्याच्या ठिकाणी पत्नींच्या गटाला एकदा जाऊन आले. अकराजणी होत्या. एक रडली, तिचे ऐकून दुसरी चक्क हसली, आणि कोणी कोणाला एकही उपाय सांगितला नाही. मी दाराजवळ बसले, सगळ्यांना चहा दिला आणि माझी पाळी आली तेव्हा 'आमच्याकडे आता सगळं ठीक आहे' एवढेच बोलले. समोर पाहते तर माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई! १८ वर्षे गावात कुणाला कळू दिले नाही ते एका दुपारी उघडे पडले असे वाटले. घरी आल्यावर यजमानांनी विचारले, 'माझ्याबद्दल काय काय सांगितलंस?' ताई, दारू त्यांनी प्यायली, आजार त्यांचा, कौतुकही सध्या त्यांचेच चालू आहे. मग गटात मी कशाला जाऊ? बोलायचेच असेल तर एखाद्या समुपदेशकाशी एकटीने बोललेले बरे नाही का?"

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले. "सगळ्यांना चहा दिला." अनोळखी बायकांमध्ये पहिल्यांदाच गेलेली, मनातून लवकर घरी परतायला उत्सुक असलेली एक बाई किटली उचलते आणि सर्वांना चहा देते, तिने स्वतः घेतला की नाही, याचा मात्र पत्रात उल्लेख नाही. या चहाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. आधी तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते.

दारूचा आजार तुमच्या यजमानांचा होता आणि आहे, यात वाद नाही. परंतु त्या आजाराच्या शेजारी १८ वर्षे राहताना तुम्हीही बरेच काही शिकलात. कुलपात किल्ली किती वेळ खरखरते यावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखणे, पाण्याच्या बाटलीचे झाकण काढून हुंगणे, पगाराच्या दिवशी रिक्षा करून त्यांच्या कार्यालयाच्या फाटकापाशी जाऊन उभे राहणे, साहेबांना फोन करून "त्यांना ताप आहे" असे न अडखळता सांगणे, दिवाळीला माहेरच्यांना काहीतरी कारण काढून टाळणे. यातले सगळे तुम्ही केले असेल असे नाही, पण बरेचसे केले असणार, कारण माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्नीने ते केलेले आहे. या कौशल्यांच्या जोरावर तुम्ही संसार उभा ठेवलात आणि मुलांची शाळा चुकू दिली नाहीत. आता दारू थांबली आहे, पण पहारेकऱ्याला "आता तू घरी जा" असा हुकूम कोणी दिलेला नाही, म्हणून तो रात्री दोन वाजता उठून फेरी मारतो. यात वेडेपणाचे काही नाही आणि तुमच्यात काही बिघडले आहे असेही नाही. मात्र ही सवय आपोआप सुटेल, असे धरून बसू नका. त्यांची दारू सुटली ती काही दिवस केंद्रात राहून आणि त्यानंतरचा प्रत्येक मंगळवार पाळून सुटली. तुमच्या पहाऱ्यासाठी आजवर एकही दिवस राखून ठेवलेला नाही.

या प्रश्नाला जवळजवळ ९० वर्षांचा इतिहास आहे आणि तो तुम्हाला सांगण्यासारखा आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरात शेअरबाजारात काम करणारे बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी एकमेकांना भेटले. बिल काही महिन्यांपासून पीत नव्हते, पण परगावी एक व्यवहार फसला आणि पुन्हा पिण्याची ओढ अनावर झाली, तेव्हा आपण दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोललो तर वाचू, असे त्यांना वाटले. त्या बोलण्यातून पुढे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तुमचे यजमान मंगळवारी ज्या प्रकारच्या सभेला जातात, तिचे मूळ तिथे आहे. एवढा भाग बहुतेकांना माहीत असतो. बिल यांच्या पत्नीचा भाग फारसा कोणी सांगत नाही.

लोइस विल्सन यांनी नवऱ्याच्या दारूची सुमारे १७ वर्षे काढली होती, नोकरी करून घर चालवले होते. बिल यांनी दारू सोडली आणि ते रोज सभांना जाऊ लागले. एका संध्याकाळी "चल, उशीर होतोय" अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले आणि लोइस यांनी पायातला बूट काढून त्यांच्या दिशेने भिरकावला, त्या सभांच्या नावाने बोटेही मोडली. स्वतःच्या या संतापाचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले. नवरा शुद्धीवर होता, घर सावरत होते, मग राग कशाचा? विचार करता करता त्यांच्या लक्षात आले, की जे आपल्याला इतक्या वर्षांच्या प्रेमाने आणि कष्टाने साधले नाही ते परक्या माणसांनी पाहता पाहता करून दाखवले, हे त्यांच्या मनाला झोंबले होते. शिवाय नवऱ्याला सांभाळणे हेच ज्यांचे आयुष्य झाले होते, त्यांच्या हातांना आता कामच उरले नव्हते. नवरे आत सभेत बसलेले असताना बाहेर वाट पाहणाऱ्या बायका आपसात बोलू लागल्या होत्याच; त्यातून ठिकठिकाणी कुटुंबीयांचे गट तयार झाले आणि १९५१ साली लोइस यांनी एका मैत्रिणीला सोबत घेऊन त्या गटांना अल-अनॉन या नावाखाली एकत्र आणले. आपल्याकडे १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथेही पुढे 'सहचरी' नावाने पत्नींचा गट आला. तुमच्या समुपदेशक बाईंनी तुम्हाला बोलावले ते या परंपरेतून. कौतुक सध्या त्यांचेच चालू आहे हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण ते मला तुमच्या पत्रातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. ते अपराधी न वाटता मोठ्याने म्हणता येईल अशी जागा तुमच्या घरात नाही, शाळेत नाही, माहेरीही बहुधा नाही, कारण सगळे म्हणतील, "अगं, सोडली ना त्यांनी? आता काय रडतेस?"

आता एकटीने समुपदेशकाशी बोलण्याबद्दल. तो मार्ग चांगलाच आहे, मी स्वतः त्याच कामावर जगते, आणि दोन्ही एका वेळी चालू ठेवायला काही हरकत नाही. पण गटात होते ते बंद खोलीतल्या दोघांच्या बोलण्यात होत नाही. याचे एक उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मी चालवत असलेल्या एका गटात एक बाई तीन वेळा गप्प बसून गेल्या. चौथ्या वेळी, नजर चटईवर ठेवून, त्यांनी सांगितले की 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात वाचून त्यांनी टपालाने पुड्या मागवल्या होत्या आणि नवऱ्याच्या जेवणात त्या पाच महिने मिसळल्या होत्या. एका रात्री त्याला भयंकर उलट्या झाल्या, छाती धडधडू लागली, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी "काय खाल्लं होतं?" असे विचारले तेव्हा त्या गप्प राहिल्या. नवऱ्याला मारायला निघालेली बाई आपण, या विचाराने त्यांनी चार वर्षे स्वतःला कोसले होते. बोलताना त्या रडू लागल्या. खोलीत अगदी शांतता पसरली. तेवढ्यात समोरच्या कोपऱ्यातून एका वयस्कर बाईंनी अत्यंत गंभीरपणे विचारले, "आमटीत की चहात?" क्षणभर कोणाला काही कळले नाही, आणि मग सगळ्या जणी हसत सुटल्या, रडणाऱ्या बाईही. कारण त्या वयस्कर बाईंनीही तेच केले होते. मग आणखी चौघींनी कबुली दिली.

तुम्हाला त्या दिवशी जे हसणे खटकले ते बहुधा याच जातीचे असावे. या पुड्यांबद्दल मी एकेकट्या बायकांना कितीतरी वेळा सावध केले आहे. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे औषध असते, पण त्यावर दारू घेतली तर रक्तदाब एकदम खाली येऊन जीवावर बेतू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला पूर्ण कल्पना देऊनच द्यायचे असते. जाहिरातीतल्या पुडीत काय आहे हे तर देवालाच माहीत. माझ्यासमोर बायका माना डोलावत आणि आपण तसे केल्याचे लपवून घरी जात. मी तज्ज्ञ होते, म्हणजे त्यांच्या दृष्टीने परीक्षकच. गटात ती बाई आपल्यासारख्यांच्या समोर होती. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे आपण इतक्या वेळा म्हणतो की त्यातले बळ लक्षातच येत नाही.

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण तुम्ही १८ वर्षांत किती वेळा ऐकली असेल! आपल्याकडे ती बहुधा बाईला गप्प करण्यासाठी वापरली जाते. सगळ्यांकडे हेच, तू कशाला तोंड उघडतेस, असा तिचा सूर असतो. गटात हीच म्हण उलटी चालते. दुसऱ्या घरची चूल कशी जळते आणि तिच्यावर काय शिजते ते तुम्ही प्रत्यक्ष पाहता, आणि आपल्या चुलीचा धूर जगावेगळा नव्हता हे कळून खांदे सैल पडतात. गटोपचाराचे मोठे जाणकार मानले गेलेले अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटात माणूस का सुधारतो याची अकरा कारणे मांडली, त्यांत 'हे फक्त माझ्याच वाट्याला आलेले नाही' ही जाणीव एक आहे आणि दुसऱ्याला मदत करता येणे हे दुसरे.

गंमत अशी, की उपचाराची ही रीत सुरू झाली ती पैशांच्या अडचणीतून. १९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांच्याकडे असे क्षयरोगी येत ज्यांना आरोग्यधामाचा खर्च झेपत नव्हता. प्रत्येकाला वेगळे समजावत बसण्यापेक्षा त्यांनी आठवड्याचा एक वर्ग सुरू केला. रोगी आपापली नोंदवही घेऊन येत, ताप किती, विश्रांती किती, वजन किती वाढले ते सगळ्यांसमोर मांडत. डॉक्टरांचा हेतू स्वच्छतेचे आणि विश्रांतीचे नियम शिकवण्याचा होता. पण वेगवेगळ्या वंशांची आणि पंथांची ती माणसे एका आजाराच्या धाग्याने बांधली जाऊन एकमेकांना धीर देतात, हे त्यांच्या लक्षात आले. बऱ्या होत चाललेल्या शेजाऱ्याचे वाढलेले वजन पाहून खचलेल्याला जी उमेद येई, ती डॉक्टरांच्या भाषणाने येत नसे. तुमच्या रात्री दोनच्या जागरणाबद्दल मी इथे कितीही समजावले, तरी "माझं असं दीड वर्ष चाललं, मग एके दिवशी सकाळीच जाग आली तेव्हा मीच दचकले" हे एखाद्या बाईकडून ऐकण्याची सर त्याला यायची नाही. अशी बाई तुम्हाला तिथेच भेटेल.

कोणी उपाय सांगत नाही, ही तुमची तक्रार मला समजते. शिक्षिकेला तर ती अधिकच खटकणार. परंतु आठवून पाहा, या १८ वर्षांत तुम्हाला उपायांचा तुटवडा होता का? सासूबाईंनी उपवास सांगितले असतील, भावाने माहेरी निघून ये म्हटले असेल, शेजारणीने अंगारा आणून दिला असेल, सहकाऱ्यांनी "तुम्हीच जरा कडक व्हा" असे सुचवले असेल. प्रत्येक उपायासोबत एक न बोललेला ठपका येतो, की तू हे केले नाहीस म्हणून असे झाले. गटात 'तू असं कर' असे म्हणण्याऐवजी 'मी असं केलं आणि माझं असं झालं' एवढेच बोलण्याचा नियम असतो, तो या ठपक्यापासून सुटका व्हावी म्हणून. अल-अनॉनमध्ये तीन गोष्टी वारंवार म्हटल्या जातात: हे मी ओढवून आणलेले नाही, हे मला आवरता येणार नाही, आणि हे मला बरे करता येणार नाही. पहिली ऐकून बायकांना हायसे वाटते. दुसऱ्या दोन मात्र घशाखाली उतरायला महिने लागतात, कारण माझा डोळा लागला तर ते पितील, हा समज त्यांच्या आड येतो. रात्रीचा वास घेणे त्या समजावरच तर चालले आहे.

आता चहा. समजा, तुम्ही माझ्याकडे एकट्या आला असता, तर तुम्ही मला तुमची हकीकत अगदी व्यवस्थित, सनावळीसह, फळ्यावर मुद्दे मांडावेत तशी सांगितली असती आणि मला तुम्ही सांगाल तेवढेच कळले असते. गटात तुम्ही काही सांगितलेच नाही, तरी बरेच काही दिसले. तुम्ही दाराजवळ बसलात, म्हणजे उठून जाण्याची सोय राखलीत. स्वतःला काय हवे हे कळण्याआधी दहाजणींना काय हवे ते पाहिलेत. आणि "आमच्याकडे आता सगळं ठीक आहे" हे वाक्य, जे तुम्ही वर्षानुवर्षे दुधवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ऐकवत आलात, तेच जिथे त्याची काडीचीही गरज नव्हती तिथेही तुमच्या तोंडून निघाले. मी टीका करत नाही. सवयी माणसाबरोबर चालत गटात येतात, आणि तिथे त्या तुम्हाला आणि इतरांना एकदमच दिसतात, हाच तर गटाचा उपयोग. माणूस आतून बदलतो, मोठा होतो, असे आपण जे म्हणतो, ते माझ्या अनुभवात इतक्या किरकोळ ठिकाणी घडते. पुढच्या वेळी आत, मधोमध बसा आणि चहा दुसऱ्या कोणाला तरी देऊ द्या. हे सोपे वाटते, पण करून पाहिल्यावर मला लिहा.

तुमच्या वर्गातल्या त्या मुलाच्या आईविषयी. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या हिशेबाने तुम्ही जगलात आणि ती मूठ अचानक उघडी पडल्याची तुमची भीती खोटी नाही. गाव लहान आहे, तुमच्या मानाला पोटापाण्याइतकेच मोल आहे. गोपनीयतेबाबत मी तुम्हाला गुळमुळीत आश्वासन देणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार देणाऱ्या व्यावसायिकांवर गुप्तता पाळण्याचे बंधन आहे, पण गटातल्या इतर बायकांवर बंधन असते ते केवळ दिलेल्या शब्दाचे. तो शब्द बहुतेक ठिकाणी पाळला जातो, कारण प्रत्येकीची मूठ दुसरीच्या हातात असते. ती आईही तुम्हाला पाहून घरी जाऊन झोपली नसेल! आपल्या मुलाच्या बाईंना आता घरचे सारे कळले, ही तिची भीती तुमच्या भीतीपेक्षा तसूभरही कमी नसणार. पुढच्या भेटीत गट सुरू होण्याआधी तिच्याजवळ जाऊन, "इथलं माझ्याकडून कुठे जाणार नाही" एवढे एक वाक्य बोला. शाळेच्या फाटकात नको, पालकसभेतही नको. आणि एक गोष्ट शिक्षिका म्हणून पाळा: तिच्या घराविषयी जे कानावर येईल त्यावरून त्या मुलाशी वागणे बदलू नका, अधिक माया दाखवूनही नाही. मुलांना हे ताबडतोब कळते. इतके करूनही अवघडल्यासारखे वाटले, तर समुपदेशक बाईंना दुसऱ्या दिवशीच्या किंवा दुसऱ्या गावच्या गटाबद्दल विचारा. त्यात पळ काढण्यासारखे काही नाही.

गट सर्वांना आणि सर्व काळी लागू पडतो, असा माझा दावा नाही. नऊ महिन्यांच्या जागरणाबरोबर जर भूक मरणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे असे काही असेल, तर गटाच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. पत्रात मारहाणीचा उल्लेख नाही, तरी विचारते, कारण तो बहुधा पहिल्या पत्रात येत नाही. दारू थांबल्यावरही हात उगारला जात असेल, तर तो प्रश्न सहनशक्तीचा नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आहे, आणि १८१ या महिला मदतवाहिनीपासून सुरुवात करता येते. गटांमध्येही बरेवाईट असतेच. जिथे एकच व्यक्ती प्रवचन देत बसते, जिथे पहिल्याच दिवशी पोटातले सगळे ओकायला लावतात, जिथे औषध, ताईत किंवा कुठली योजना विकली जाते, तिथून खुशाल उठून या. तुमच्या वर्णनावरून तुमचा गट तसा वाटत नाही. रडणारीला रडू दिले गेले आणि तुम्हाला एका वाक्यावर सोडून दिले गेले, ही मला चांगलीच लक्षणे वाटतात. अल-अनॉनमध्ये नव्याने येणाऱ्यांना निदान सहा सभा पाहून मग ठरवा असे सुचवतात. तो हिशेब मला योग्य वाटतो. एका भेटीवरून कोणी वर्गातल्या मुलाची प्रगती ठरवली तर तुम्ही त्यांना काय म्हणाल?

यजमानांच्या मंगळवारबद्दलही दोन शब्द, कारण कौतुकाच्या रागात तो मंगळवार मोडावा असे कधी मनात येऊ शकते. पाहुणे आले आहेत, आज राहू द्या, असे. तसे करू नका. अशा सभांचा खरोखर उपयोग होतो का, यावर बरीच वर्षे वाद होता. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि त्यांतल्या १०,५६५ व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आणि त्यांत नीट रुळायला मदत करणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले, असे त्यात दिसून आले. हा आढावा पिणाऱ्यांचा आहे, त्यांच्या पत्नींचा नाही, त्यामुळे तुमच्या गटाची भलामण करायला मी तो वापरणार नाही. तीन महिन्यांनी त्यांचे वर्ष पूर्ण होईल, तेव्हा ते लोक वाढदिवस साजरा करतील आणि बहुधा तुम्हालाही दोन शब्द बोलायला उभे करतील. तिथे पुन्हा "सगळं ठीक आहे" म्हणायचे की १८ वर्षांतले काही खरे बोलायचे, याची तयारी आपल्या माणसांत करून ठेवलेली बरी.

राहता राहिला त्यांचा प्रश्न, की तुम्ही त्यांच्याबद्दल काय काय सांगितलेत. त्यामागे राग कमी आणि धास्ती जास्त असावी असे मला वाटते. आपण बेशुद्धीत काय काय केले हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला अधिक माहीत आहे आणि त्यांना त्याची जाणीव आहे. त्यांना शांतपणे सांगा, की या खेपेला तुम्ही फार काही बोलला नाहीत, पण पुढे बोलाल, आणि ते मुख्यतः स्वतःबद्दल बोलाल. इतर बायका जे बोलल्या ते मात्र त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांना ते रुचले नाही तर चिडू नका. नऊ महिने दर मंगळवारी रात्री घरी आल्यावर तेही तुम्हाला तिथले काही सांगत नसणार, आणि आतापर्यंत तुम्हाला ते खटकत आले असणार. एकदा तेवढे त्यांच्याशी बोलून पाहा, हवे तर रात्री दोनला दोघांनाही जाग आलेली असेल तेव्हा.